मडक्याच्या आतली बाजू

सूक्ष्मजीवशास्त्र शिकले पुण्यात, संसार मांडला तंजावरात. सासरचं घराणं व्यंकोजीराजांच्या मागोमाग इकडे आलेलं. घरात मराठी, दारात तमिळ, आणि स्वयंपाकघरात दोन्ही. गेली कित्येक वर्षं मी इडलीचं पीठ, दही, लोणची विकणाऱ्या बायकांच्या गटांबरोबर काम करते. पीठ फुगलं नाही, दह्याला तार सुटली, लोणच्यावर पांढरं आलं, की मला बोलावणं येतं. आल्याआल्या सगळ्या जणी पीठ दाखवतात. मी आधी पातेलं मागते. एवढ्या वर्षांत जे उमगलं ते बहुतेक त्या पातेल्याच्या आतल्या अंगाला चिकटलेलं होतं. तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

१. जंतू तरंगत नाहीत, बसतात.

कॉलेजात आम्ही जीवाणू वाढवले ते चंबूतल्या गढूळ पाण्यात. त्यामुळे जंतू म्हणजे पाण्यात सुटे पोहणारे जीव, हे चित्र डोक्यात पक्कं बसलं होतं. प्रत्यक्षात दगड, दात, नळ, डाळीचा दाणा, मडकं असा काहीही पृष्ठभाग मिळाला की जीवाणू त्याला चिकटतात आणि अंगाभोवती चिकट गोंद सोडतात. हा गोंद शर्करांच्या लांब साखळ्यांचा, प्रथिनांचा, मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या डीएनएचासुद्धा. त्यात बहुतांश पाणीच असतं. या गोंदात वेगवेगळ्या जातींची वस्ती होते. कोणी वर हवेजवळ, कोणी तळाशी हवेविना, एकाने टाकलेलं दुसऱ्याने खायचं. याला बायोफिल्म म्हणतात. कॅनडातले बिल कॉस्टर्टन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये जीवाणू चिकटतात कसे यावर लेख लिहिला, तेव्हापासून हा विषय खऱ्या अर्थाने पुढे आला.

पाहिलं मात्र फार आधी गेलं होतं. डेल्फ्टच्या लेवेनहुकने १६८३ सालच्या पत्रात स्वतःच्या दातांवरच्या किटणातले जीव वर्णन केले आहेत. त्याने कडक व्हिनेगरने चूळ भरली आणि पुन्हा किटण तपासलं. वरवरचे जीव मेले होते, आतले हलत होते. व्हिनेगर किटणाच्या आरपार जात नाही, हे त्याने तेव्हाच टिपून ठेवलं. ब्लीचिंग पावडरचं पाणी फिरवलं म्हणजे भांडं निर्जंतुक झालं, असं कोणी म्हणालं की मी हा किस्सा सांगते.

२. दोन मडकी, दोन लेप.

माझ्या कामाचं सगळं सार ज्यात आहे अशा दोन मडक्यांची गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगते.

पहिलं मडकं जिलेबीचं. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात 'कुंडलिनी' नावाने जिलेबीची कृती आहे. तिची सुरुवात मैद्यापासून होत नाही. आधी नवं मडकं घ्या आणि आतून त्याला आंबट दह्याचा लेप द्या, असं सांगितलं आहे. मग मैदा, आणखी दही, थोडं तूप, आणि ते सगळं आंबेपर्यंत उन्हात. दही पिठात घालायचंच आहे, तर वेगळा लेप कशाला? कारण मडकं नवं आहे. जुन्या मडक्याच्या छिद्रांत आधीच्या घाण्याचे जीवाणू बसलेले असतात, नव्यात कोणीच नसतं. लेप दिला की दह्यातले जीवाणू भिंतीला धरतात आणि पीठ चहूबाजूंनी आंबू लागतं. जिलेबीचा इतिहास शोधताना पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे रघुनाथ नवहस्तांच्या 'भोजनकुतूहल' या ग्रंथापर्यंत पोचले होते. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाईंच्या आश्रयामुळे त्या रघुनाथपंडितांचं नाव आमच्या तंजावराशी जोडलेलं आहे. इथल्या मराठी घरांत याचा अभिमान आहे, मलाही आहे.

दुसरं मडकं ताडाचं. उन्हाळ्यात इथे रस्त्याकडेला पदनीर विकायला बसतात. ताडाचा गोड रस, आपल्याकडे नीरा म्हणतो तो. ताडावर बांधायच्या मडक्याला आतून चुना फासलेला असतो. चुना इतका अल्कधर्मी की त्या भिंतीवर यीस्ट किंवा जीवाणू जम बसवू शकत नाहीत, म्हणून रस सकाळपर्यंत गोड राहतो. तेच मडकं चुन्याशिवाय टांगलं तर कालच्या रसाचं यीस्ट भिंतीत तयारच असतं. रस थेंबाथेंबाने पडता पडताच फसफसू लागतो आणि खाली उतरते ती ताडी. झाड तेच, रस तोच. फरक फक्त मडक्याच्या आत काय फासलं आहे याचा.

३. इडलीचं विरजण डाळीच्या अंगावर असतं.

इडलीचं पीठ कशाने फुगतं, यावर इथे प्रत्येक घराचं मत ठाम आहे. हाताने कालवलं म्हणून, मेथ्या घातल्या म्हणून, कावेरीच्या पाण्याने. १९६५ साली मुखर्जी, स्टाइनक्राउस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पीठ फुगवण्याचं मुख्य काम ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स या जीवाणूचं आहे. तो लॅक्टिक आम्ल करतो आणि त्याचबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतो. पुढे पीठ आंबट होत गेलं की इतर जाती जोर धरतात. हे जीवाणू बाहेरून आणावे लागत नाहीत, ते डाळ-तांदळाबरोबरच येतात, विशेषतः उडदाबरोबर. उडदातली प्रथिनं आणि बुळबुळीत शर्करा तो वायू धरून ठेवतात. म्हणून नुसत्या तांदळाचं पीठ आंबतं, पण इडलीसारखं फुगत नाही.

मी बायकांना सांगते ते इतकंच. डाळ काय धुवायची ती भिजवण्याआधी धुवा. पाच-सहा तास भिजताना दाण्याच्या अंगावर जीवाणूंची वाढ सुरू झालेली असते, काही पाण्यातही उतरलेले असतात. भिजल्यावर ती डाळ चार पाण्यांनी खळखळून काढली तर जमू लागलेला थर आपण मोरीत ओततो. भिजवणीचंच पाणी वाटताना वापरा. हाताने कालवायला माझी हरकत नाही, पीठ सारखं होतं आणि हवाही मिसळते. फक्त श्रेय हाताला देऊ नका.

४. तोच जीवाणू साखर कारखान्यात खलनायक.

तंजावरजवळ कुरुंगुळमला अरिञर अण्णा साखर कारखाना आहे. सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला उसाचं गणित सांगायला नको. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो. त्यामागचं एक कारण म्हणजे हाच ल्युकोनोस्टॉक. उसाच्या कापलेल्या टोकातून तो आत शिरतो, साखरेतून डेक्स्ट्रान नावाची चिकट शर्करा बनवतो आणि त्याच डेक्स्ट्रानमध्ये स्वतःला गुंडाळून घेतो. रस दाट होतो, पाइपांत आणि टाक्यांत बुळबुळीत गोळे धरतात, साखरेचे दाणे नीट पडत नाहीत. फान टीगेम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये त्याला आजचं नाव दिलं, तेही साखरेच्या रसातल्या अशाच चिकट गोळ्यांचा अभ्यास करताना.

पुढे १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्साला इथे ब्योर्न इंगेलमान बिटाच्या रसातल्या या चिकट पदार्थाकडे वळले, आणि अँडर्स ग्रोनवाल यांच्याबरोबर त्यांनी त्यातून रक्तद्रवाला पर्याय म्हणून शिरेतून देता येईल असं द्रावण तयार केलं. कारखाना ज्याला घाण म्हणून खरवडून फेकत होता, त्याने रक्तस्राव झालेल्या माणसांचे जीव वाचवले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

स्वयंपाकघरात याचा उपयोग असा. डेक्स्ट्रान बनवायला या जीवाणूला आपली रोजची साखरच लागते. पीठ लवकर यावं म्हणून चमचाभर साखर घालण्याची टूम इथे अधूनमधून निघते. मग पिठाला लाळेसारखी तार सुटते, आणि पीठ बिघडलं म्हणून गिऱ्हाईक परत आणतं. मार्गळी महिन्याच्या थंडीत पीठ यायला वेळ लागतो. त्यावर उपाय ऊब, साखर नव्हे.

५. रगड्याचा सांधा.

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर.

एका गटाचं पीठ दुपारनंतर कडवट वासाचं होऊ लागलं. सकाळचं उत्तम, दुपारचं परत. डाळ बदलून झाली, तांदूळ बदलून झाला, पाणी उकळून पाहिलं. मी गेले तेव्हा ओटा लखलखीत होता, रगड्याचं स्टीलचं भांडं आरशासारखं. गटप्रमुख अक्का म्हणाल्या, "मॅडम, रोज रात्री उकळतं पाणी ओततो. याहून काय करायचं?"

मी रोळे काढायला लावले. इथल्या रगड्यात दगडी रोळे एका आडव्या दांड्यावर फिरतात, आणि दांडा जिथे दगडात शिरतो तिथे प्लास्टिकचं बूश असतं. त्या बूशाच्या मागे काडी घातली. काडीच्या टोकाला राखाडी, किंचित गुलाबी झाक असलेलं लिबलिबीत काहीतरी आलं. ओढलं तर तुटेना. वास घेतला आणि अक्कांच्या हातात दिली. त्यांनीही वास घेतला. दुपारच्या पिठाचाच वास.

घडत होतं ते असं. घाणा संपला की उकळतं पाणी. पिठातला स्टार्च उकळत्या पाण्याने शिजतो, त्याची खळ होते आणि ती सांध्यात घट्ट बसते. म्हणजे रोज रात्री जंतूंना नवा गिलावा आणि खायला ताजी खळ. आतल्या थरापर्यंत ना उष्णता पोचते ना क्लोरिन. क्लोरिन तर वरच्या सेंद्रिय मळाशीच झुंजून संपतं, लेवेनहुकच्या व्हिनेगरसारखं. सकाळच्या पहिल्या घाण्याला या थरातून थोडेच जंतू सुटतात. चौथ्या-पाचव्या घाण्यापर्यंत दगड गरम झालेला असतो आणि थर ओला होऊन सुटू लागतो. दुपारचं पीठ म्हणून नासतं.

क्रम उलटा करायचा. आधी गार पाण्याने सगळं पीठ वाहवून टाकायचं. मग रोळे सुटे करून साबणाच्या कोमट पाण्यात, आणि दांडा, बूश, खरवडणीची पट्टी हे सगळं ब्रशने घासायचं. दात घासायचा जुना ब्रश याला सर्वांत चांगला, कारण बायोफिल्म निघते ती घासण्याने, बुडवण्याने नाही. मग खळखळून धुणं. त्यानंतरच उकळतं पाणी किंवा क्लोरिन. आणि शेवटी सुटे भाग पालथे घालून कोरडे होऊ देणं. बायका कंटाळतात ती ही शेवटची पायरी, आणि मी सर्वांत जास्त आग्रह धरते तोही तिचाच. ओल नसेल तर थर वाढत नाही. रात्रभर सुकलेला रगडा आणि रात्रभर ओला राहिलेला रगडा यांच्या पिठातला फरक नाकाला कळतो.

चरे पडलेल्या प्लास्टिकच्या बादल्या मी सरसकट बदलायला लावते. चऱ्यात ब्रशचा केस जात नाही, जीवाणू सहज जातो.

६. घासू नये असंही भांडं असतं.

वर एवढं लिहून हे सांगते आहे, तरी दोन्ही खरं आहे. सिसिलीत रागुझानो नावाचं चीज 'तीना' नावाच्या लाकडी पिंपात करतात. दूध कच्चं, आणि विरजण वेगळं घालतच नाहीत. पिंपाच्या लाकडावर जीवाणूंचा जो थर आहे तोच दुधात उतरतो, तोही काही मिनिटांत. सिल्वी लॉर्ताल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या पिंपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. थरात लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जीवाणूंचं राज्य होतं, आणि साल्मोनेला, लिस्टेरिया सापडले नाहीत. फ्रान्समधलं सालेर चीजही 'जेर्ल' नावाच्या लाकडी पिंपावर असंच अवलंबून आहे.

सासूबाई दह्याचं मडकं साबणाने धुवत नसत. गरम पाणी, काथ्या आणि अंगणातलं ऊन. त्या मडक्यातलं दही विरजण जेमतेम लावलं तरी घट्ट लागायचं. पण यावरून लाकूड किंवा माती म्हणजे आपोआप शुद्ध, असा निष्कर्ष कोणी काढू नये. असा थर टिकतो तो रोजच्या वापरामुळे आणि रोजच्या आंबटपणामुळे. चार आठवडे कोपऱ्यात पडलेलं मडकं काढून त्यात दूध लावणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणते.

७. खारावरची पांढरी साय.

उन्हाळ्याच्या तोंडावर इथे घरोघरी मावडू घालतात. अंगठ्याएवढ्या कोवळ्या कैऱ्या, मीठ, आणि वरून एरंडेल चोळायचं. बरणीतल्या खारावर कधीकधी पांढरी, सुरकुतलेली साय येते. तीही बायोफिल्मच, बहुतेकदा यीस्टची. ती स्वतः विषारी नसते, म्हणून लोक ढवळून आत मिसळून टाकतात. तिथेच घात होतो. हे यीस्ट हवेच्या जोरावर खारातलं लॅक्टिक आम्ल खातं. ज्या आंबटपणाने लोणचं टिकतं तोच संपत जातो, आणि मग खालच्या कैऱ्या मऊ पडू लागतात. साय दिसल्या दिवशी अलगद काढा, बरणीचा गळा पुसा, कैऱ्या खाराखाली दाबा. एरंडेलाचं काम हवा अडवण्याचंच आहे, त्यात काटकसर नको. कैरी बुळबुळीत लागली तर बरणी टाकून द्या.

स्पेनमध्ये हेरेसला शेरी करताना पिंपं मुद्दाम पूर्ण भरत नाहीत, कारण त्यांना वाइनवर यीस्टची अशीच साय हवी असते. आपल्याला नको असते.

८. व्हिनेगरला उंची नको, रुंदी हवी.

पट्टुक्कोट्टै, पेरावूरणीकडचा भाग नारळाचा. खोबऱ्याच्या कामात पिकल्या नारळाचं पाणी फुकट जातं. त्यात साखर घालून आधी यीस्टने आंबवलं आणि मग अ‍ॅसेटिक जीवाणूंच्या हवाली केलं की व्हिनेगर होतं. गोव्याकडे माडाच्या सुरेचं होतं तसंच. एका गटाने उंच, अरुंद पिंप घेतले होते आणि महिने गेले तरी आम्ल पुरेसं चढत नव्हतं. या जीवाणूंना हवा लागते, ते पृष्ठभागावर थर करून राहतात. त्यांतली एक जात तर शुद्ध सेल्युलोजची जाड साय विणते, हे ए. जे. ब्राउन यांनी १८८६ मध्येच दाखवलं. पसरट भांडं, वर पातळ फडकं, आणि साय अजिबात हलवायची नाही. ती बुडाली की काम थांबतं आणि वर नवी धरेपर्यंत वाट पाहावी लागते. १८२३ मध्ये जर्मनीत शुत्सेनबाखने लाकडाच्या ढलप्यांवरून आंबवलेला द्रव ठिबकवत न्यायची पद्धत काढली, तीही याच तत्त्वावर. प्रत्येक ढलपीवर थर, म्हणून महिन्यांचं काम दिवसांवर आलं.

९. ते एकमेकांना विचारून ठरवतात.

थोडक्यात सांगते, विषय खोल आहे. जीवाणू रासायनिक संकेत सोडतात. आजूबाजूला आपली संख्या पुरेशी झाली हे त्यावरून त्यांना कळतं, आणि मग ते गोंद करणं, विष करणं अशी कामं सुरू करतात. तंजावरच्या सास्त्र विद्यापीठात यावर काम करणारी प्रयोगशाळा आहे, रोगजंतूंचे हे संकेत तोडून त्यांचे थर कमजोर करायचे या दिशेने. पीठवाल्या बायकांना हे सांगितलं तेव्हा एकीने लगेच विचारलं, मग चांगल्या जंतूंना लवकर जमवायचं असेल तर? मी सांगितलं, कालचं पीठ डावभर आजच्यात घाला, संख्या आयतीच जमते.

१०. भिंतीवरचे दोन रकाने.

तपासणीला येणाऱ्यांना सगळं सारखंच चकचकीत हवं असतं, आणि जुन्या बायकांना काहीच धुवायला नको असतं. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. म्हणून प्रत्येक गटाच्या भिंतीवर आम्ही एक तक्ता लावतो, तमिळमध्ये. एका रकान्यात रोज सुटं करून घासायचं ते सगळं: रोळे, बूश, पट्टी, नळाचं तोंड, पिशव्या भरायचं नरसाळं, झाकणाची रबरी कडी. दुसऱ्यात साबण लावायचा नाही ते: दह्याचं रोजचं मडकं, व्हिनेगरचं पसरट भांडं. नवं काही आलं की ते कुठल्या रकान्यात, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. परवा अगप्पैवर वाद झाला. करवंटीचा डाव, लाकडी दांड्याचा, एका आजींच्या माहेरचा. पीठ त्यानेच ढवळायचं असा त्यांचा हट्ट. करवंटी दांड्याला जोडलेल्या फटीत मी काडी घालून दाखवली. डाव पहिल्या रकान्यात गेला. आजी अजून माझ्याशी वाद घालतात, आणि तो रोज रात्री ब्रशने घासून उन्हाच्या खिडकीतही त्याच ठेवतात.